बारा तासांची ड्युटी आणि ‘सिंगल’ ओव्हरटाइम: रबाळ्याच्या कामगाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगचं काम, नाव ठेकेदाराच्या मस्टरवर. आठवड्यातले सहा दिवस सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये जेवण आणि चहा मिळून तासभर सुट्टी. पगार महिना १८,२०० रुपये. वरच्या तासांचे पैसे मिळतात, पण ‘सिंगल’ने, म्हणजे दुप्पट नाही तर साध्या दराने, आणि फक्त बेसिकवर. रुजू होताना पगाराची फोड दाखवणारा एक कागद दिला होता, त्यानंतर पगाराची स्लिप कधी मिळाली नाही. ठेकेदार म्हणतो, सरकारनेच आता बारा तासांची ड्युटी मंजूर केली आहे, त्यामुळे ओव्हरटाइम असा काही उरलाच नाही, देतोय ते घ्या. तक्रार केली तर उद्यापासून गेटवर घेणार नाहीत, ही भीती आहे.

ठेकेदाराच्या या बोलण्यापासूनच सुरुवात करतो, कारण दिघ्यापासून नेरूळपर्यंत सगळ्या टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात आणि इकडे वागळे इस्टेटमध्येही हेच वाक्य कामगारांच्या कानावर पडतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांची मर्यादा वाढवायला मंजुरी दिली हे खरं. कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी दिवसाला नऊऐवजी दहा तास आणि तिमाहीला १२५ ऐवजी १४४ तास. पण यातला प्रत्येक आकडा कामगाराला जास्तीत जास्त किती वेळ थांबवता येईल एवढंच सांगतो. थांबवलेल्या वेळेचा दर त्याने बदलत नाही. आठवड्याला ४८ तास ही रेष जागेवरच आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर, हेही जागेवरच आहे. शिवाय जादा तासांसाठी कामगाराची संमती लागते. बारा तास मान्य झाले म्हणून ओव्हरटाइम संपला, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांची पाळी चालवायला मोकळीक दिली आणि जादा तासांचे पैसे साध्या दराने द्यायला परवानगी दिली. गुजरात मजदूर सभेने त्याला आव्हान दिलं. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातल्या जादा कामाचे पैसे कायद्याने ठरलेल्या दराने द्यायला सांगितलं. महामारीचं कारणसुद्धा दुप्पट दर काढून घ्यायला पुरेसं ठरलं नाही. मग तुमच्या ठेकेदाराची ऑर्डर तातडीची होती, हे कारण कुठे टिकणार?

आता तुमचे तास. बारा तासांतून एक तास सुट्टी वजा केली की रोजचं काम अकरा तासांचं. सहा दिवसांचे ६६ तास. ४८ वजा केले की आठवड्याला १८ तास ओव्हरटाइम, म्हणजे दिवसाला तीन. इथे एक खोड नेहमी निघते. मालक सांगतो, कारखान्यांच्या कायद्यात नऊ तासांपर्यंत ओव्हरटाइम धरत नाहीत, म्हणून तुमचे दोनच तास होतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात नऊ तासांचा उल्लेख होता, पण तिथेच ‘किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त’ हेही होतं. सहा दिवसांचा आठवडा असला की ४८ तास आठ-आठने भरतात आणि नववा तास आठवड्याच्या हिशोबात सापडतो. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर दिवसाचे तास आठच धरले आहेत. त्यामुळे तुमचे तीन तास कुठूनही मोजले तरी तीनच आहेत.

खरा वाद पुढे आहे. दुप्पट, पण कशाच्या दुप्पट? कामगार ‘डबल’वर अडून बसतो आणि मूळ रक्कम कोणती धरली याकडे त्याचं लक्षच जात नाही. तुमच्या कागदावरची फोड अशी आहे: बेसिक ७,८००, विशेष भत्ता ७,८००, घरभाडे भत्ता ७८० आणि प्रवास व धुलाई मिळून १,८२०. ठेकेदार ७,८०० धरतो. भागिले २६ म्हणजे ३०० रुपये रोज, भागिले आठ म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये. महिन्याच्या ७८ तासांचे (२६ दिवस, रोज तीन) तुम्हाला मिळतात २,९२५ रुपये.

आपल्या राज्यात किमान वेतन मूळ दर आणि विशेष भत्ता असं दोन तुकड्यांत जाहीर होतं. विशेष भत्ता म्हणजे महागाईचा भाग. जानेवारी आणि जुलैपासून, वर्षातून दोनदा, निर्देशांकाप्रमाणे तो बदलतो. हा भाग वेतनातच मोडतो. ओव्हरटाइमच्या हिशोबातून तो बाहेर काढायला कोणत्याही व्याख्येत जागा नाही. म्हणून कमीत कमी हिशोब १५,६०० वर व्हायला हवा. रोज ६००, तासाला ७५, दुप्पट १५०. ७८ तासांचे ११,७०० रुपये. तुमच्या हाती येतात त्यापेक्षा महिन्याला ८,७७५ रुपये जास्त. वर्षाचे १,०५,३०० रुपये. हा आकडा मुद्दाम पुरा लिहिला. ‘चार पैसे इकडेतिकडे’ म्हणून जे सोडून दिलं जातं, ते असं जवळजवळ सहा महिन्यांच्या पगाराएवढं भरतं.

‘कमीत कमी’ का म्हटलं तेही सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चारही श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू केल्या. वेतन संहितेतल्या ‘वेतन’ या व्याख्येत घरभाडे आणि प्रवास भत्ता धरत नाहीत. मात्र वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवायचा, असा नियम आहे. बेसिक पाच हजार आणि बाकी सगळं भत्त्यांत, ही जुनी युक्ती त्यामुळे आता चालत नाही. त्याआधीच्या काळाला कारखाने कायद्याची व्याख्या लागू होती आणि त्यात बोनस व ओव्हरटाइम सोडून कामगाराला मिळणारे भत्ते धरायचे होते. म्हणजे त्या तारखेआधीच्या कामासाठी तुम्ही पूर्ण १८,२०० वर मागणी करू शकता: रोज ७००, तासाला साडेसत्त्याऐंशी, दुप्पट १७५, महिन्याचे १३,६५०. अर्ज लिहिताना दोन्ही काळांचे तक्ते वेगळे करा. एकत्र केले तर समोरचा वकील त्या गोंधळावरच तारखा काढत राहील.

अजून एक हिशोब मालकाला नको असतो. महिन्याला ७८ म्हणजे तिमाहीला २३४ तास. जुनी मर्यादा धरा, नवी धरा, दोन्ही केव्हाच ओलांडल्या. काही ठिकाणी कामगारांना सांगतात की मर्यादेवरचे तास रेकॉर्डवर दाखवता येत नाहीत, म्हणून त्यांचे पैसे ‘वेगळे’ रोखीत देतो. मर्यादा मोडली तो गुन्हा मालकाचा. केलेल्या कामाचे पैसे त्यामुळे बुडत नाहीत आणि दरही कमी होत नाही.

आता पैसे कुणाकडे मागायचे? ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल दिलं नाही, कंपनी म्हणते तुम्ही आमचे नाहीच, आणि कामगार या दोघांत हेलपाटे घालतो. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी जिथे लागू आहेत, म्हणजे साधारण पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी, ठेकेदाराने वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येते. तो नंतर ठेकेदाराच्या बिलातून वळतं करून घेईल, तो त्यांचा आपसातला व्यवहार. म्हणून पहिल्या पत्रापासून शेवटच्या अर्जापर्यंत दोघांचीही नावं घाला. ठेकेदार वर्षा-दोन वर्षांनी नाव बदलतो, कारखाना मात्र त्याच प्लॉटवर राहतो.

पुरावा हा या सगळ्याचा कणा आहे आणि यावर मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो. वेतन संहितेत एक चांगली तरतूद आहे: वेतन कमी दिल्याचा दावा झाला की पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. पण तुम्ही अकरा तास काम केलंत हे आधी तुम्हालाच उभं करावं लागतं. मालक आठ तासांचं मस्टर आणून ठेवतो आणि त्यावर तुमच्याच सह्या असतात.

म्हणून आजपासून एक वही घाला. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, त्या दिवशी कोणत्या लाइनवर होता, सुपरवायझर कोण. रोजच्या रोज, त्याच रात्री लिहा. महिनाअखेरीस एका बैठकीत लिहिलेली वही उलटतपासणीत उघडी पडते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शिफ्टचा तक्ता येत असेल, ‘आज सगळ्यांनी आठपर्यंत थांबायचं’ असे निरोप येत असतील, तर ते जपून ठेवा. फोन बदलताना चॅटचा बॅकअप घ्या. स्क्रीनशॉटवर तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. पंचिंग मशीन असेल तर नोंदी मालकाकडे असतात. त्या हजर करायला लावा, अशी मागणी अर्जातच करता येते. त्या लपवल्या तर ते मालकाच्याच विरुद्ध जातं. बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड हे सगळं तुमचं आणि त्यांचं नातं दाखवतं. ‘हा माणूस आमच्याकडे नव्हताच’ हा बचाव एका पीएफ पासबुकाने संपतो. पगाराची स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे. ती लेखी मागा. नाही दिली तर मागितल्याचा कागद तुमच्या कामाला येईल.

सह्यांचं विशेष सांभाळा. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. रक्कम कमी असली आणि घेतल्याशिवाय घरचं भागणार नसेल तर घ्या, पण सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहा: ‘रक्कम मिळाली, ओव्हरटाइमबाबत हरकत कायम.’ नोकरी सोडताना ‘माझं काही येणं नाही’ असा छापील कागद पुढे करतात. त्यावर सही झाली म्हणून सगळं संपलं असं समजू नका, कारण कायद्याने मिळालेला वेतनाचा हक्क सोडून देणारा करार वेतन संहितेप्रमाणे रद्दबातल ठरतो. तरीही सही न केलेली बरी. आणि एक लक्षात ठेवा, नोकरी सोडली, काढलं किंवा राजीनामा दिला, तर पूर्ण हिशोब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ ही कंपन्यांनी लावून घेतलेली सवय आहे, तिला कायद्याचा आधार नाही. चालू नोकरीत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत.

कृतीचा क्रम मी असा सुचवेन. आधी ठेकेदार आणि कंपनी दोघांना एकच साधं पत्र, मराठीत चालेल. त्यात काळ, रोजचे तास, मिळालेली रक्कम, देय रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत. शिवीगाळ नको, धमकी नको. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि नाकारलं, की कामगार उपायुक्तांच्या ठाणे कार्यालयात तक्रार द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. सरकारी कामगार अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण मालकाला रेकॉर्ड दाखवण्यापेक्षा पैसे देणं सोपं वाटतं. मात्र तिथे तडजोडीसाठी बसताना आपला आकडा खिशात तयार ठेवा. साहेबांसमोर अंदाजे बोलणारा कामगार निम्म्यावर मान डोलवून येतो.

तडजोड झाली नाही तर वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे दावा. मुदत तीन वर्षांची आहे. कमी दिलेल्या रकमेबरोबर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहापट मिळेलच असं मनात धरू नका, पण मागणी मात्र लिहा. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. जुन्या कायद्यांत या मुदती फार तोकड्या होत्या, किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिने. म्हणून नोव्हेंबर २०२५ आधीच्या थकबाकीवर मुदतीचा वाद हमखास निघेल. त्या भागासाठी विलंब माफीची विनंती कारणांसह आधीच जोडा आणि एकही महिना वाया घालवू नका.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगारांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही आहे. ही सोय आपल्या भागात फार कमी कामगारांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एकट्याने पत्र दिलं तर गेटवर अडवण्याचा प्रकार होतो. म्हणून एकटे जाऊ नका. एकाच आस्थापनेतल्या कितीही कामगारांचा मिळून एक अर्ज करता येतो आणि नोंदणीकृत युनियनही सभासदांच्या वतीने अर्ज करू शकते. लाइनवरचे दहा-बाराजण एकत्र आले तर सगळ्यांना एकदम बाहेर काढून ऑर्डर पुरी करणं ठेकेदाराला परवडत नाही. तरीही अडवलंच तर त्याच दिवशी लेखी कळवा: ‘मी आज कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही.’ कंपनीच्या मेलवर, फोनच्या मेसेजवर, जमेल तसं, पण त्याच दिवशी. नाहीतर आठवड्याने ‘कामगार स्वतःहून गैरहजर’ अशी नोटीस घरी येते. अनुचित कामगार प्रथांबाबतचा राज्याचा १९७१ चा कायदा आहे. त्याखालच्या तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे, तेव्हा गावाला जाऊन बसू नका.

हे वाचणारे सगळेच कारखान्यातले नसतील. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमधल्या किंवा वाशीच्या शोरूममधल्या माणसांना राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. तिथेही जादा तासांना दुप्पट दरच आहे. ‘टीम लीड’, ‘एक्झिक्युटिव्ह’ अशी पदं देऊन ओव्हरटाइम नाकारतात. पदाचं नाव काय आहे याने काही ठरत नाही, दिवसभर हातून प्रत्यक्ष काम कोणतं होतं ते पाहिलं जातं. रजा मंजूर करायचा, माणूस नेमायचा किंवा काढायचा अधिकार नसेल तर ‘मॅनेजर’ या पाटीला फारसं वजन नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बारा-बारा तास उभे राहणारे सुरक्षा रक्षक असाल तर आधी बघा की तुमचं काम सुरक्षा रक्षक मंडळाच्या कक्षेत येतं का. १९८१ च्या राज्य कायद्याखाली बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी हे मंडळ आहे. एपीएमसीतल्या (वाशीच्या बाजार समितीतल्या) माथाडींचा मार्ग १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मंडळांकडे जातो.

कार्यालय निवडताना एक चूक वारंवार होते. नवी मुंबई महापालिकेची हद्द, म्हणजे दिघा ते बेलापूर, ठाणे जिल्ह्यात आहे. तुमचं रबाळे त्यातच येतं, त्यामुळे ठाणे. तळोजा, कळंबोली, पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात, त्यांची तक्रार रायगडच्या कामगार कार्यालयाकडे. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही, काम कुठे केलं ते बघतात. तुमचा ठेकेदार मधल्या काळात काही महिने तळोज्याच्या प्लॉटवर पाठवत असेल तर त्या महिन्यांच्या नोंदी वहीत वेगळ्या ठेवा आणि पत्रात दोन्ही ठिकाणांचे पत्ते लिहा.